गुळवेल, सहा रुग्ण आणि माझ्या तक्त्यात नसलेला रकाना



मागच्या लेखात आपण साहित्याचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. पेपर कुठे शोधायचे, फोल्डर कसे करायचे, नोंदी कशा ठेवायच्या वगैरे. त्यावर पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "पेपर तर दोनशे गोळा केले, पण त्यातला चांगला कोणता आणि कच्चा कोणता हे कसं ओळखायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आढावा म्हणजे "अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं" अशी यादी नव्हे. अमुक यांनी म्हटलं ते कशाच्या जोरावर, हे तपासणं म्हणजे आढावा.

म्हणून आज थेट उदाहरण घेऊ. विषय माझाच: औषधी वनस्पतींचे फायदे आणि धोके. धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये कोणती झाडं कशासाठी वापरतात यावर माझी पीएचडी चालू आहे. आज आपण दोन पेपर, एक सरकारी खुलासा आणि शेवटी माझं स्वतःचं काम अशी चार गोष्टींची चिकित्सा करणार आहोत. माझ्या कामाची चिकित्सा सगळ्यात कडक असेल, कारण तिथली चूक मला आतून माहीत आहे.

(हा लेख वैद्यकीय सल्ला नाही. कोणतं औषध घ्यायचं, कोणतं बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा.)

आधी माझी चूक

पहिल्या वर्षी मी कळंब तालुक्यातल्या एका गावात प्रश्नावली घेऊन गेलो होतो. एका आजींच्या ओट्यावर बसलो. दारात कडुनिंब, त्यावर चढलेला गुळवेल, खाली लोंबणारी दोऱ्यासारखी मुळं. माझ्या तक्त्यात सहा रकाने होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, वापरायचा भाग, आजार, वापरण्याची पद्धत. आजी म्हणाल्या, "गुळयेल व्हय, तापाला, कणकणीला. बोटभर कांडं ठेचायचं अन् काढा करायचा." मी लिहिलं. सहाही रकाने भरले.

तेवढ्यात आतून त्यांची सून म्हणाली, "अन् आप्पांला कावीळ झालती, ते बी सांगा की." आजी म्हणाल्या, "ती काय गुळयेलानं झाली व्हय?" दोघी हसल्या. मीही हसलो. पण तक्त्यात ते लिहायला रकानाच नव्हता. कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहिलं: "आप्पा, कावीळ?" घरी येऊन एक्सेलमध्ये माहिती भरताना कडेची ती ओळ गळाली. शीटमध्ये कॉलमच नाही तर ती जाणार कुठे?

पुढे मुंबईचा पेपर वाचनात आला तेव्हा ती पेन्सिलची ओळ आठवली. आता त्या पेपरकडे वळू.

पहिला पेपर: मुंबईतले सहा रुग्ण

२०२० साल आठवा. कोरोना होता, लस नव्हती, आणि घराघरांत काढे उकळत होते. "इम्युनिटी वाढवा" हा मंत्र झाला होता. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये आयुर्वेद आणि योग यांवर आधारित कोविडचा प्रोटोकॉल जाहीर केला, त्यातही गुडूची घनवटी होती. गुडूची म्हणजेच आपला गुळवेल, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. हिंदीत गिलोय.

मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेल्या सहा रुग्णांची मालिका २०२१ मध्ये एका यकृतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. सहाही जणांच्या यकृताला इजा झालेली, सहाही जणांनी गुळवेल घेतलेला. लेखकांचा निष्कर्ष साधारण असा: गुळवेलामुळे स्वप्रतिकारी पद्धतीचा यकृतदाह होऊ शकतो, किंवा शरीरात आधीच दडलेला तसा आजार उघडा पडू शकतो. स्वप्रतिकारी म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच अवयवावर उलटते तो प्रकार.

आता विद्यार्थी म्हणून वाचताना इथे थांबायचं. बहुतेक जण यातल्या एकाच प्रतिक्रियेवर उडी मारतात. एक गट म्हणतो, "बघा, गुळवेल विषारी!" दुसरा म्हणतो, "हॅ, सहाच रुग्ण? यावरून काय ठरतं?" दोन्ही चूक. आधी विचारायचं की हा कोणत्या प्रकारचा अभ्यास आहे आणि तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

हा रुग्णमालिकेचा प्रकार आहे. रुग्णमालिका "असं घडू शकतं का?" या प्रश्नाला उत्तर देऊ शकते. "किती जणांना घडतं?" याला देऊ शकत नाही. कारण वर अंश आहे, सहा. खाली छेद नाही. त्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणारे हजार होते की लाखो, हे पेपरात नाही आणि असू शकतही नाही. छेदाशिवाय टक्केवारी काढता येत नाही, हे आपण सातवीत शिकलोय, पण पेपर वाचताना विसरतो.

मग "घडू शकतं" हे तरी त्यांनी कसं ठरवलं? इथे पेपरची ताकद आहे. त्यांनी रुकॅम नावाची गुणपद्धत वापरली. १९९३ पासून ही पद्धत जगभर औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेसाठी वापरली जाते. त्यात प्रत्येक रुग्णाला गुण देतात:

- औषध सुरू केल्यावर किती दिवसांनी त्रास सुरू झाला?
- बंद केल्यावर यकृताचे आकडे उतरले का, किती दिवसांत?
- दारू, वय, गर्भारपण असे इतर धोके आहेत का?
- सोबत दुसरी कोणती औषधं चालू होती?
- विषाणूजन्य कावीळ आणि इतर कारणं तपासून वगळली का?
- या औषधाने अशी इजा होते हे आधी नोंदलंय का?
- चुकून पुन्हा घेतलं तेव्हा पुन्हा त्रास झाला का?

सहा ते आठ गुण म्हणजे "संभाव्य", म्हणजे बऱ्यापैकी शक्यता. नऊ किंवा जास्त म्हणजे "अतिसंभाव्य". मुंबईच्या लेखकांनी "संभाव्य" हा शब्द वापरला, "सिद्ध" नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो शब्द हरवला, पण तो दोष पेपरचा नाही.

कमजोरी कुठे? रुग्णांनी जे घेतलं त्याची रासायनिक तपासणी पेपरात नाही. म्हणजे पुडीत किंवा काढ्यात खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होता का, भेसळ होती का, हे रुग्णाच्या सांगण्यावरच आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे सगळ्यात खटकतं. आपल्याकडे नमुना नसेल तर वनस्पतीचं नाव हा फक्त दावा असतो.

सरकारी खुलासा: अर्धा बरोबर

जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या पेपरवर खुलासा काढला. त्यातले मुद्दे थोडक्यात: वनस्पतीची तपासणी केलेली नाही, मात्रा आणि सोबतच्या औषधांचे पुरेसे तपशील नाहीत, गुळवेलासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही यकृताला घातक असू शकते, ती असेल, आणि गुळवेल परंपरेत फार पूर्वीपासून वापरात असल्याने त्याचा संबंध यकृताच्या इजेशी जोडणं दिशाभूल करणारं आहे.

पहिले दोन मुद्दे रास्त. तपासणी हवी होती, तपशील जास्त हवे होते. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण ज्या बाजूचे नसतो तिचा बरोबर मुद्दा बरोबर म्हणायला शिकणं हा संशोधनाचाच भाग आहे.

तिसरा मुद्दा गमतीचा आहे. "ती दुसरी वनस्पती असेल" ही शक्यता खरी. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. आपल्या गुळवेलाची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. ताजी वेल हातात असेल तर फरक कळतो. वाळवून दळलेली पूड हातात असेल तर नुसत्या डोळ्यांनी कुणालाच कळणार नाही. पण शक्यता सुचवली म्हणजे ती सिद्ध झाली असं नाही. लेखकांनी पुडी तपासली नाही हा आक्षेप घेणाऱ्यानेही ती तपासलेली नाही. जो पुरावा समोरच्याकडे मागतो तोच आपल्यालाही द्यावा लागतो. आणि समजा, ती क्रिस्पाच निघाली, तरी "गुळवेल" म्हणून विकत घेणाऱ्याचं यकृत काही वाचत नाही. तेव्हा हा मुद्दा वनस्पतीची सुटका करेल, बाजारातल्या पुडीची नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण सगळेच तो आपल्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत लिहितो: "प्राचीन काळापासून वापरात असल्याने सुरक्षित." परंपरा सुरक्षिततेची साक्ष देते का? देते, पण मर्यादित. एखादी गोष्ट खाल्ल्यावर तासाभरात उलटी होत असेल, चक्कर येत असेल, तर ते लोकांच्या लक्षात येतं. धोत्रा, गुंज, पिवळी कण्हेर, कळलावी यांचं विष आपल्या गावांना प्रयोगशाळेविना माहीत आहे. पण हजारात एकाला, दीड महिन्याने, अंतर्गत अवयवाला होणारी इजा? ती ओट्यावर बसून लक्षात येणं जवळजवळ अशक्य. माणूस पिवळा पडला तर गाव म्हणेल पाणी बाधलं, किंवा नजर लागली.

आणखी एक. परंपरा ज्या वापराची साक्ष देते तो वापर कोणता? मला भेटलेल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं: ताप आला की दोन-तीन दिवस, बोटभर कांडं, ताजं. २०२० मध्ये लोकांनी काय केलं? ताप नसताना, रोज सकाळी, महिनोन्महिने, बाटलीतला रस किंवा गोळी, सोबत आणखी पाच गोष्टी. आजीच्या तीन दिवसांच्या काढ्याची साक्ष सहा महिन्यांच्या गोळीला लागू करता येत नाही.

दुसरा पेपर: तेरा केंद्रं, ४३ रुग्ण

२०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा एकत्रित अभ्यास आला. पहिले लेखक डॉ. आनंद कुलकर्णी. यात ४३ रुग्ण, निम्म्याहून जास्त स्त्रिया. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस. ६७.४ टक्के रुग्णांत कारणसंबंध "संभाव्य" ठरला. सगळ्यात जास्त आढळलेली स्थिती म्हणजे आधीच्या जुन्या यकृतविकाराचं अचानक बिघडणं. मिळालेल्या गुळवेलाच्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही या वेळी झाली. म्हणजे पहिल्या पेपरवरचा मोठा आक्षेप या गटाने ऐकला आणि त्यावर काम केलं. टीका उपयोगी पडते ती अशी. फेब्रुवारी २०२२ मध्येही मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचा पुन्हा खुलासा केला होता. म्हणजे वाद संपलेला नाही.

मी या दुसऱ्या पेपरचं वजन पहिल्यापेक्षा जास्त धरतो. पण छेद अजूनही नाही, हे लक्षात ठेवा. ४३ वरून "गुळवेल घेणाऱ्या इतक्या टक्के लोकांना" असं कुणी लिहिलं तर ते वाक्य खोडा. दोन्ही पेपर मिळून जे म्हणता येतं ते एवढं: काही लोकांत, विशेषतः ज्यांना स्वप्रतिकारी आजार किंवा जुना यकृतविकार आहे त्यांच्यात, गुळवेल दीर्घकाळ घेतल्यावर यकृताला इजा होण्याची खरी शक्यता आहे. असे लोक कमी असतील, पण "आपण त्यातले नाही" हे घरी बसून कळत नाही. एवढं वाक्य प्रबंधात टिकतं. याच्या अलीकडे किंवा पलीकडे गेलात तर परीक्षक धरतील, आणि धरायलाच हवं.

आता आपलं क्षेत्र: लोकवनस्पती सर्वेक्षण

यकृततज्ज्ञांवर बोलून झालं. आता आपल्या पेपरांकडे या. मराठवाड्यातल्या औषधी वनस्पतींवरचे सर्वेक्षण पेपर तुम्ही चाळले असतील. साचा ठरलेला: जिल्ह्याचं वर्णन, अक्षांश-रेखांश, किती प्रजाती, किती कुळं, मग मोठा तक्ता. मेहनत असते त्यात, उन्हातान्हात फिरणं असतं. माझा पहिला मसुदाही असाच होता. त्यात मला आता दिसणारे दोष सांगतो.

१. नावाचा गोंधळ. "भुईआवळा" म्हटलं की फायलँथसच्या दोन-तीन प्रजाती त्या नावाखाली येतात. "शंखपुष्पी" म्हणून कुठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुठे इव्हॉल्व्ह्युलस, तर कुठे गोकर्ण दाखवतात. "ब्राह्मी" म्हणजे बकोपा की सेंटेला? नमुना गोळा करून, दाबून, क्रमांक देऊन संग्रहालयात जमा केला नसेल तर तुमच्या तक्त्यातला शास्त्रीय नावाचा रकाना अंदाजाने भरलेला आहे. मुंबईच्या डॉक्टरांवर आपण जो आक्षेप घेतला तोच इथे आपल्यावर येतो. उलट आपली चूक जास्त मोठी, कारण वनस्पती ओळखणं हेच आपलं काम.

२. जिल्हा कोणता? व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ चा. आपल्या जिल्ह्यात काम करायचं तर तो वाचल्याशिवाय सुरुवातच होत नाही. पण लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. म्हणजे त्या ग्रंथातल्या "उस्मानाबाद"मध्ये उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसासुद्धा आले. त्यातली प्रजातींची यादी आजच्या धाराशिवची म्हणून जशीच्या तशी वापरली तर चूक होते. तालुका आणि ठिकाण बघून घ्या. शोधतानाही जुनं आणि नवं दोन्ही नावं टाका. २०२३ च्या आधीचे पेपर "धाराशिव" टाकून सापडणार नाहीत.

३. आकड्यांची भुरळ. सर्वेक्षण पेपरात दोन सूत्रं हमखास असतात. एक, निष्ठास्तर: एखादी वनस्पती सांगणाऱ्या एकूण लोकांपैकी किती जणांनी ती एकाच मुख्य आजारासाठी सांगितली, त्याची टक्केवारी. समजा एक वनस्पती फक्त ४ जणांना माहीत आहे आणि चौघांनीही ती खोकल्यासाठीच सांगितली, तर निष्ठास्तर १०० टक्के. दुसरी ४० जणांना माहीत आहे, त्यातल्या ३० जणांनी तापासाठी सांगितली, तर ७५ टक्के. तक्त्यात पहिली वर, दुसरी खाली. खरी जास्त माहिती कुणाबद्दल आहे?

दुसरं सूत्र माहितीदारांच्या एकमताचं. एका आजारगटातल्या वापराच्या एकूण नोंदींतून प्रजातींची संख्या वजा करायची आणि नोंदी वजा एक याने भागायचं. समजा सर्पदंशाच्या २० नोंदी, प्रजाती ३. तर १७ भागिले १९, म्हणजे ०.८९. एकमत जबरदस्त! मग चर्चेत वाक्य येतं: "यावरून या वनस्पती सर्पदंशावर प्रभावी असल्याचे दिसते."

थांबा. एकमत म्हणजे परिणाम नव्हे. सर्पदंशात अनेकदा साप बिनविषारी असतो, विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. असा माणूस पाला चोळला तरी वाचतो, न चोळला तरी वाचतो. जो वाचला तो तुमच्या प्रश्नावलीला उत्तर देतो. जो गेला तो देत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. आपल्या सर्वेक्षणात त्यांच्यापैकी कुणीच बोलत नाही. आणि आपण "प्रभावी" लिहून मोकळे होतो. पाला शोधण्यात गेलेला तास प्रतिविष मिळण्याआधीचा तास असतो, हे त्या वाक्यात येत नाही.

काविळीचंही तेच. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. या काळात जे औषध दिलं त्याला श्रेय जातं. म्हणून काविळीच्या झाडपाल्याचं एकमत जवळपास सगळीकडे उंच निघतं. पण गर्भवतीला हिपॅटायटिस ई झाली तर ती जिवावर बेतू शकते. तिथे "एकमत ०.९" कामाचं नाही, दवाखाना कामाचा.

४. धोक्याचा रकाना नाही. हा दोष सगळ्यात मोठा, आणि माझा. बिब्ब्याचं उदाहरण घ्या. तक्त्यात लिहितात: "बिब्बा, फळ, टाचांच्या भेगा, सांधेदुखी." पण गावात बिबा माहीत असलेल्या कुणालाही विचारा, तो आधी सांगेल, "बिबा उततो." कुणाला सोसतो, कुणाला नाही, अंगावर उतला तर काय लावायचं, हे सगळं ज्ञान लोकांकडे असतं. म्हणजे परंपरेत फायदा आणि धोका दोन्ही एकत्र आहेत. फायदा तेवढा उचलून धोका गाळण्याचं काम आपण करतो, आपल्या सहा रकान्यांनी. मग तो अर्धाच तक्ता वाचून कुणीतरी उत्पादन काढतं आणि पुडीवर "नैसर्गिक, म्हणून निर्धोक" छापतं.

मग फायद्याचं काय?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही औषधी वनस्पतींच्या विरोधात आहात. अजिबात नाही. विरोधात असतो तर या विषयात पीएचडी केली नसती. सर्पगंधेचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. रक्तदाबावर तिचा परिणाम होतो हे १९३१ मध्ये भारतीय डॉक्टर सेन आणि बोस यांनी नोंदलं होतं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची चाचणी केली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापली. जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये त्यातलं रेसरपीन हे द्रव्य वेगळं झालं आणि रक्तदाबाचं औषध म्हणून जगभर गेलं.

आणि मग? काही रुग्णांत नैराश्य येतंय अशा नोंदी येऊ लागल्या. मात्रा कमी करण्यात आल्या, इशारे लिहिले गेले, पुढे नवी औषधं आली. फायदा मोजला गेला म्हणून औषध मिळालं, त्रास नोंदला गेला म्हणून माणसं वाचली. वकीलांनी रक्तदाब मोजला नसता, "रुग्णांना बरं वाटलं" एवढंच लिहिलं असतं, तर ती आणखी एक तक्त्यातली ओळ झाली असती.

माझा नवा तक्ता

मार्गदर्शकांशी बोलून मी प्रश्नावली बदलली. तुम्ही तुमच्या आराखड्यात सुरुवातीलाच हे घाला, नंतर घालताना फार त्रास होतो:

- नमुना क्रमांक. फोटो पुरेसा नाही. फूल-फळासकट नमुना, नाही तर पुन्हा हंगामात जायचं.
- मात्रा. "मूठभर" म्हणजे किती? मी छोटा वजनकाटा नेतो. आजींची मूठ आणि माझी मूठ यात बराच फरक निघतो.
- किती दिवस, आणि कधी थांबायचं.
- सोबत काय चालू आहे. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, दुसऱ्या पुड्या, दारू.
- कुणाला देत नाहीत. गरोदर बाई, बाळंतीण, लहान मूल.
- त्रास झाला का, कधी, मग काय केलं, दवाखान्यात गेले का.

शेवटच्या प्रश्नाची भाषा महत्त्वाची. "याचे दुष्परिणाम होतात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, झाडपाल्याला काय दुष्परिणाम!" तुम्ही त्यांच्या औषधावर शंका घेताय असं वाटतं. मी आता विचारतो, "कुणाला मानवलं नाही असं झालंय का कधी?" मानवणं, सोसणं, बाधणं, उतणं हे शब्द त्यांचे आहेत. त्या शब्दांत विचारलं की गोष्टी बाहेर येतात: एरंडेल जास्त झाल्याने लागलेले जुलाब, रुईचा चीक डोळ्यात गेलेला पोरगा, बिबा उतलेला पाय. त्यातला काही भाग मी गेल्या वर्षी त्याच घरांत बसून गमावला होता, फक्त प्रश्न चुकीचा होता म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी पद्धतीच्या पुस्तकात मला सापडली नव्हती. सर्वेक्षण करताना समोर पिवळे डोळे दिसले तर काय करायचं? "मी फक्त नोंद घ्यायला आलोय" म्हणून गप्प बसायचं का? माझं उत्तर ठरलंय. वही मिटायची आणि सांगायचं, आजच दवाखान्यात चला, आणि काय काय घेताय ते डॉक्टरांना सगळं सांगा, झाडपालासुद्धा. नीतिसमितीच्या अर्जात हेही लिहा.

आप्पांचं काय झालं?

मी परत गेलो. आप्पा बरे आहेत, शेतात होते. त्यांना विचारलं. गुळवेलाचा काढा घेत होते, बरोबर. किती दिवस? "लई दिस." सोबत बाजारची एक पुडीही होती, तिचं नाव आठवत नाही, वेष्टण फेकलेलं. त्याच पावसाळ्यात गावात आणखी दोघांना कावीळ झाली होती, म्हणजे पाण्याचाही संशय. रक्ताच्या तपासण्या? केल्या नाहीत. काविळीला औषध काय घेतलं? तेही झाडपाल्याचंच.

वर दिलेली रुकॅमची यादी काढून मी आप्पांना गुण देऊन पाहिले. देताच आले नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे "माहीत नाही". गुळवेलाने झालं असं म्हणता येत नाही, नाही झालं असंही म्हणता येत नाही. दीड वर्षापूर्वी, ओट्यावर, सून बोलली तेव्हाच दहा मिनिटं विचारलं असतं तर निदान दिवस, पुडी आणि मात्रा तरी हाती लागली असती. आता ती ओळ माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात "अनिश्चित" असा शेरा घेऊन जाईल. पण जाईल.

तुमच्यासाठी अभ्यास: तुमच्या विषयातला कोणताही एक सर्वेक्षण पेपर घ्या आणि चार प्रश्न विचारा. हा अभ्यास कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो? छेद कुठे आहे? वस्तूची ओळख पटवली आहे का? आणि उत्तर द्यायला कोण शिल्लक राहिलं नाही? चारही उत्तरं वहीत लिहून काढा. आढाव्याचं पहिलं पान तुमचं तयार झालेलं असेल.

पुढच्या लेखात नीतिसमितीचा अर्ज आणि संमतीपत्र मराठीत कसं लिहायचं ते पाहू. तोपर्यंत वाचत राहा, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहिलेलं एक्सेलमध्ये न्यायला विसरू नका.